चुकलेलं रिडिंग खोडू नका

खरं सांगा, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये चुकलेलं रिडिंग तुम्ही शेवटचं कधी लिहिलंत? पेन्सिलने रफ वहीत नाही, पेनने, फेअर जर्नलमध्ये, सरांची सही होणार त्या पानावर? ओहमच्या नियमाचा ग्राफ आठवा. दहा ठिपके, दहाही सरळ रेषेवर, जणू पट्टी आधी ठेवली आणि ठिपके नंतर दिले. बहुतेक वेळा तसंच झालेलं असतं. सीनियरच्या जर्नलमधून उत्तर घ्यायचं, सूत्र उलटं फिरवायचं आणि रिडिंग ‘काढायचं’. याला आपल्याकडे ‘रिडिंग जुळवणं’ असा छान शब्द आहे. लग्न जुळवतात तसं.

मी मास कम्युनिकेशनची, विज्ञान बारावीतच सुटलं. तरी या विषयावर लिहितेय, कारण गेल्या उन्हाळ्यात वैजापूरला असताना एका व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरने हा प्रश्न डोक्यात घातला. माझा मावसभाऊ एस.वाय. बीएस्सीला आहे. घरच्या माळ्यावर जुना, बंद पडलेला व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्यातले काही पार्ट, काही मुंबईहून मागवलेले, असं करत त्याने खोलीत पाच-सहा वॉटचा अँप्लिफायर जोडला. डाग छान दिले होते, वायरिंग चित्रासारखं होतं. फक्त व्होल्टेज जुळत नव्हती. आणि जर्नलमध्ये नऊपैकी नऊ रिडिंग जुळवणारा हा पोरगा इथे अडला, कारण अँप्लिफायरला सही नको असते.

आधी हे यंत्र काय ते थोडक्यात. ट्रान्झिस्टर यायच्या आधी रेडिओ, भोंगे, टुरिंग टॉकीजचा आवाज सगळं काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचं. आत एक तापणारी तार असते, तिला हीटर म्हणतात. ती कॅथोड तापवते, कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात आणि जास्त व्होल्टेज दिलेल्या प्लेटकडे धावतात. मधल्या जाळीला म्हणजे ग्रिडला थोडंसं व्होल्टेज दिलं की हा प्रवाह कमी-जास्त होतो. झाला अँप्लिफायर. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. जुन्या सेटमध्ये ‘बेल’चा शिक्का अजून सापडतो.

व्हॉल्व्हचा आवाज भारी असतो, असा दावा मी करणार नाही. तेवढ्याच खर्चात चिपचा छोटा बोर्ड घेतलात तर कितीतरी जास्त वॉट मिळतील आणि लाइटबिलही कमी येईल. पण चिपच्या आत तुम्हाला डोकावता येत नाही. बिघडली की फेकायची. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये मात्र प्रत्येक जागा उघडी असते. प्रत्येक पायावर किती व्होल्ट हवेत, हे कंपनीच्या तक्त्यात छापलेलं असतं. तुम्ही मोजता, तक्त्याशी ताडता, आणि फरक दिसला की तो फरकच बोलायला लागतो. शिकायला यापेक्षा चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

पण थांबा, एक गोष्ट आधी. या डब्यात अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतं आणि ते जीव घेऊ शकतं. प्लग काढला तरी मोठे कंडेन्सर भरलेलेच राहतात. त्यामुळे सप्लायच्या कंडेन्सरवर २२० किलोओहमचा, २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा जोडलेला हवा. ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्यातून साधारण मिनिटभरात रिकामा होतो. तरी हात घालण्याआधी मीटर लावून बघायचंच. चालू सेटमध्ये मोजताना काळी वायर चॅसीला क्लिप करायची, एक हात खिशात, पायात चप्पल, घरात दुसरं माणूस आणि थ्री-पिनला खरोखरचं अर्थिंग. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवरून करायचं. साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये असला आणि तो भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. हे सगळं जमणार नसेल तर हा छंद तुमच्यासाठी नाही, आणि त्यात काही कमीपणाही नाही.

आता भावाच्या अँप्लिफायरकडे. त्याला तीन ठिकाणी व्होल्टेज चुकीची मिळाली.

पहिलं चुकीचं रिडिंग सप्लायचं. ड्रॉइंगवर लिहिलं होतं २६५ व्होल्ट, मीटर म्हणत होता ३१०. भावाचा पहिला अंदाज : ट्रान्सफॉर्मर चुकीचा दिला दुकानदाराने. गल्लीत पूर्वी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलेले एक काका आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘दुकानदाराला नंतर शिव्या दे. व्हॉल्व्ह बसवून मोजलं का काढून?’’ काढून मोजलं होतं. इथेच अर्धं उत्तर होतं. ट्रान्सफॉर्मर २०० व्होल्टचा. एसीचं डीसी झालं आणि पुढे काहीच लोड नसलं, की कंडेन्सर शिखरापर्यंत चढतो, म्हणजे २०० गुणिले १.४१४, साधारण २८३. व्हॉल्व्ह बसले, करंट ओढू लागले, की तेच २६५ च्या आसपास उतरतं. ड्रॉइंगवरचा आकडा लोडचा होता, मीटरवरचा बिनलोडाचा.

राहिले २७ व्होल्ट. ते शोधायला मीटर भिंतीच्या सॉकेटमध्ये लावला. तिथे २३० च्या जागी २४५. म्हणजे साडेसहा टक्के जास्त, आणि ही वाढ पुढे सगळीकडे जाते. २८३ चे ३०१ झाले. उरलेले आठ-नऊ व्होल्ट ट्रान्सफॉर्मरचे, कारण लोड नसताना तो लेबलवरच्या आकड्यापेक्षा थोडं जास्तच देतो. हिशेब पूर्ण. बिघाड शून्य. ट्रान्सफॉर्मर बदलला असता तर पैसे गेले असते आणि नवीन ट्रान्सफॉर्मरनेही तेच दाखवलं असतं.

वैजापूरसारख्या तालुक्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नियम म्हणतो २३० व्होल्ट, सहा टक्के कमी किंवा जास्त, म्हणजे साधारण २१६ ते २४४. पण रब्बीत विहिरीवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावाकडे बल्ब कसा पिवळा पडतो ते आपण बघत आलोय. सॉकेटमध्ये १९० आले तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ च्या जागी ५.२ व्होल्टच मिळतात. म्हणून काकांनी भावाच्या वहीत दोन नवीन रकाने आखायला लावले : मोजल्याची वेळ आणि त्या क्षणाचं लाइनचं व्होल्टेज. शहरातल्या लॅबचं मॅन्युअल हे दोन रकाने देत नाही, कारण तिथे स्टॅबिलायझर असतो.

दुसरं चुकीचं रिडिंग जास्त गमतीचं. पुढचा छोटा व्हॉल्व्ह ईसीसी८३. सप्लाय २५० व्होल्ट, प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला दीड किलोओहम. तक्ता म्हणतो करंट ०.८६ मिलीअँपिअर. म्हणजे प्लेटच्या रेझिस्टन्सवर ८६ व्होल्ट पडायला हवेत आणि प्लेटवर १६४ उरायला हवेत. कॅथोडवर साधारण १.३. मीटरने दाखवलं प्लेटवर २४० आणि कॅथोडवर जेमतेम ०.१५. बघा, इथे ओहमचा नियम खरोखर कामाला येतो. रेझिस्टन्सवर फक्त १० व्होल्ट पडतायत, म्हणजे करंट ०.१ मिलीअँपिअर. कॅथोडचा आकडाही तेच सांगतोय. दोन वेगवेगळे साक्षीदार एकच गोष्ट सांगतायत : व्हॉल्व्ह अर्धवट झोपलेला आहे.

‘‘हीटर बरोबर आहे ताई, मी मोजलं, चक्क ६.३ आहे,’’ भाऊ म्हणाला. आणि ते खरंच होतं. पण ईसीसी८३ मध्ये हीटरचे दोन भाग असतात. पाय ४ आणि ५ ही दोन टोकं, ९ हा मधला. टोकांना वायर जोडल्या तर १२.६ व्होल्ट लागतात. ६.३ वर चालवायचं असेल तर ४ आणि ५ एकत्र बांधायचे आणि दुसरी वायर ९ ला द्यायची. भावाने ६.३ व्होल्ट ४ आणि ५ ला दिले होते, त्यामुळे प्रत्येक भागाला मिळत होते ३.१५. आकडा अचूक, जागा चुकीची. म्हणजे बरोबर दिसणारं रिडिंगसुद्धा फसवू शकतं. जर्नलमध्ये त्यावर टिकमार्क आला असता.

तिसरं रिडिंग धोक्याचं होतं. शेवटचा व्हॉल्व्ह ईएल८४. तक्त्यानुसार कॅथोडला १३५ ओहम आणि त्यावर ७.३ व्होल्ट, म्हणजे साधारण ५४ मिलीअँपिअर. मीटरवर आले ११ व्होल्ट. भागाकार करा : ८१ मिलीअँपिअर. या व्हॉल्व्हची प्लेट १२ वॉट सोसते, इथे सतराच्या पुढे जात होती. अंधारात बघितलं तर प्लेट लालसर दिसायला लागली होती. लगेच बंद.

अशा वेळी मन म्हणतं, व्हॉल्व्ह खराब आहे, दुसरा टाका. दुसरा टाकला असता तर तोही तापून गेला असता. काकांनी ग्रिड मोजायला लावली. तिथे शून्य हवं होतं, आलं अधिक ६ व्होल्ट. आता संशयित दोनच उरले. एक, आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटकडून येणारा जोडकंडेन्सर गळतोय. दोन, ईएल८४ स्वतःच आतून बिघडलाय. दोघांना वेगळं कसं करायचं? ईएल८४ काढायचा आणि त्याच जागी परत मोजायचं. ६ व्होल्ट गायब झाले तर दोष व्हॉल्व्हचा. तसेच राहिले तर कंडेन्सरचा. (व्हॉल्व्ह काढला की सप्लाय चढतो हे आता तुम्हाला माहीत आहे. सप्लायचे कंडेन्सर तेवढ्या व्होल्टेजचे आहेत ना, ते आधी बघून घ्या.) सहाच्या सहा व्होल्ट राहिले. जुन्या रेडिओतून काढलेला मेणकागदी कंडेन्सर चोर निघाला.

भावाने तो कंडेन्सर आधी मीटरवर तपासला होता आणि मीटरने ‘ठीक’ म्हटलं होतं. कसं काय? हिशेब करा. ग्रिडचा रेझिस्टन्स ४७० किलोओहम, त्यावर ६ व्होल्ट, म्हणजे गळती फक्त १३ मायक्रोअँपिअर. कंडेन्सरवर दीडशे-एकशेसाठ व्होल्ट. म्हणजे त्याचा रेझिस्टन्स साधारण १२ मेगाओहम. स्वस्त मल्टिमीटरची ओहम मोजायची मजल बऱ्याचदा २ मेगाओहमपर्यंतच असते, आणि तो मोजतो आपल्या छोट्या बॅटरीवर. त्याला ही गळती दिसणारच नाही. तपासायचं तर जिथे तो काम करतो तिथे, त्याच्या खऱ्या व्होल्टेजवर. नवीन कंडेन्सर चहाच्या एक-दोन कपांच्या किमतीत आला. ग्रिड शून्यावर, कॅथोड साडेसातच्या जवळ, प्लेट शांत.

आता माझा मुद्दा. या तिन्ही वेळा चुकलेला आकडाच एकमेव प्रामाणिक माहिती देणारा होता. पहिल्या वेळी त्याने सांगितलं की आपली अपेक्षाच चुकीची आहे. दुसऱ्या वेळी सांगितलं की दुसरा एक ‘बरोबर’ आकडा फसवतोय. तिसऱ्या वेळी सांगितलं की दोष दिसतोय तिथे नाही, त्याच्या मागे आहे. हे तिन्ही आकडे भावाने ‘जुळवले’ असते तर हाती काय उरलं असतं? आणि लक्षात घ्या, जर्नलमध्ये आपण नेमके हेच आकडे खोडतो.

खुद्द व्हॉल्व्हचा जन्मही अशाच एका विचित्र रिडिंगमधून झालाय. एडिसनला बल्बच्या आत जास्तीचा एक पत्रा बसवल्यावर त्यातून करंट वाहताना दिसला, मधे तर नुसती पोकळी होती. तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे हे घडायला नको होतं. त्याने ते झाकलं नाही. १८८३ मध्ये त्यावर पेटंटचा अर्ज केला, तोही व्होल्टेज दाखवायच्या उपकरणासाठी. मग सोडून दिलं. १९०४ मध्ये फ्लेमिंगने त्यातूनच पहिला व्हॉल्व्ह काढला आणि १९०६ मध्ये डी फॉरेस्टने मधे तिसरा भाग, म्हणजे आपली ग्रिड, बसवला. एडिसनने तो करंट ‘एरर’ म्हणून खोडला असता तर?

उलटं उदाहरणही आहे. मिलिकनने तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, त्याला १९२३ चं नोबेल मिळालं. त्याचं उत्तर किंचित कमी होतं, कारण हवेच्या चिकटपणाचा त्याने वापरलेला आकडा चुकीचा होता. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या एका भाषणात पुढची गोष्ट सांगितली. नंतर मोजणाऱ्यांची उत्तरं एकदम खऱ्या आकड्यावर गेली नाहीत, हळूहळू सरकत गेली. कारण मिलिकनपेक्षा खूप वेगळं उत्तर आलं की लोक स्वतःची चूक शोधत बसायचे, आणि जवळचं आलं की तितकं खोलात जायचे नाहीत. म्हणजे रिडिंग जुळवायची सवय फक्त आपल्या कॉलेजची नाही. पण म्हणून ती बरी ठरत नाही.

तुम्ही म्हणाल, ताई, बोलायला सोपं आहे. बॅचमध्ये वीस पोरं, मीटर चार, त्यातला एक बंद, वेळ दोन तास, एक्सटर्नलला अचूक उत्तर हवं. चुकीचं रिडिंग लिहून मार्क कोण घालवणार? हे अगदी खरं आहे, आणि याचा दोष मी पोरांना देणार नाही. शिक्षकांनाही सगळा देणार नाही. वीस जर्नल तपासणाऱ्या माणसाला प्रत्येक वेगळ्या उत्तराची चौकशी करायला सवड कुठे आहे? सगळ्यांची उत्तरं सारखी असणं सगळ्यांच्याच सोयीचं असतं. पण या सोयीची किंमत आपण मोजतो, डिग्री घेऊन पहिल्या नोकरीत गेल्यावर. तिथे मशीन बंद पडतं, मीटर तिसराच काहीतरी आकडा दाखवतो आणि सीनियरचं जर्नल जवळ नसतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. वर्षातलं एक प्रॅक्टिकल असं ठेवा, जिथे सरांनी मुद्दाम बिघाड करून सर्किट द्यायचं. एक रेझिस्टन्स बदलायचा, एक डाग कच्चा ठेवायचा. खरं उत्तर कोणाच्याच जर्नलमध्ये नसेल. मार्क तीन गोष्टींना : किती अपेक्षित होतं, किती आलं, आणि फरक का पडला हे शोधायला पुढचं माप कुठे घेतलं. बिघाड सापडला नाही तरी शोधायची वाट बरोबर असेल तर मार्क द्यायचे. यासाठी व्हॉल्व्ह नको, अडीचशे व्होल्टही नकोत. नऊ व्होल्टची बॅटरी, चार रेझिस्टन्स आणि एक ट्रान्झिस्टर पुरे.

तोपर्यंत आपण आपल्या हातातलं करू. पुढच्या प्रॅक्टिकलला आलेलं रिडिंग आहे तसं पेनने लिहा. वेगळं आलं तर शेजारी एक ओळ लिहा : ‘अपेक्षित इतकं, आलं इतकं, माझ्या मते कारण हे, खात्रीसाठी हे मोजेन.’ सर रागावले तर रागावले. एखादे सर नक्की विचारतील, ‘‘मग मोजलंस का?’’ तोच तुमचा खरा व्हायव्हा.

आणि हे फक्त बीएस्सीवाल्यांसाठी नाही. सर्व्हेमधले फॉर्म कट्ट्यावर बसून भरणारी समाजशास्त्राची मंडळी, ताळेबंदातला तीनशे रुपयांचा फरक ‘किरकोळ खर्च’मध्ये ढकलणारे कॉमर्सवाले, आणि आम्ही बातमीवाले, ज्यांना दोन जणांनी दोन वेगळे आकडे सांगितले की सोपा आकडा उचलायचा मोह होतो, आपण सगळे एकाच बॅचचे आहोत. आकडा जुळत नाही तेव्हा एक मिनिट थांबा. खोडरबर खाली ठेवा आणि मीटर उचला.